दोन महिने राहिलेली परदेशी मुलगी गुरुवारी परत जातेय, शेवटचे दिवस कसे घालवावेत?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून एक अमेरिकन मुलगी राहतेय, वय वीस, तिकडे मिनेसोटात कॉलेजला आहे आणि इकडे मराठीच्या आठ आठवड्यांच्या कोर्सला आलीय. कोर्सचं नाव उन्हाळी वर्ग, म्हणजे उन्हाळा त्यांचा, आपला भर पावसाळा. पहिल्या आठवड्यात बिचारीचे कापडी बूट काही केल्या वाळेचनात, शेवटी सासूबाईंनी फ्रिजच्या मागे ठेवून वाळवले.

तर आता ती गुरुवारी रात्री मुंबईहून जाणार. मंगळवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा, दहा मिनिटं मराठीत बोलायचं. विषय तिने स्वतःच निवडलाय, भिडे पूल! क्लास नारायण पेठेत, त्यामुळे डेक्कनवरून भिडे पुलावरून जायची सवय, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बंद, मग लकडी पुलावरून वळसा. रोज सकाळी आमच्या ह्यांना पेपर वाचताना विचारते, "काका, आज किती क्युसेक्स?" हे आता आधी तेच पान उघडतात.

माझा प्रॉब्लेम असा की मी उत्साहाच्या भरात शेवटच्या चार दिवसांचा पूर्ण प्लॅन केला. शुक्रवारी सिंहगड, शनिवारी शनिवारवाडा आणि लाल महाल, रविवारी केळकर म्युझियम आणि संध्याकाळी मस्तानी, सोमवारी लक्ष्मी रोड. तिला दाखवला तर "चालेल काकू" म्हणाली, पण ते "चालेल" कसं असतं तुम्हाला माहितीय. हल्ली गप्प गप्प असते. काल दुपारी मी म्हटलं चल बाहेर जाऊ तर म्हणे "आजींबरोबर लसूण सोलते". दोन तास बसली सोलत, अर्धा किलो लसूण, आम्हाला तो दिवाळीपर्यंत पुरेल. मग उठून फ्रिज उघडला आणि मला ओरडून सांगते, "काकू, आपली कोथिंबीर संपलीय!" आपली म्हणाली हो. जूनमध्ये "तुमचा फ्रिज उघडू शकते का" विचारायची. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तर प्लॅन रद्द करू का? परत कधी येईल काय माहीत, नंतर वाटायला नको की पुण्यात राहून काहीच दाखवलं नाही. शिवाय सासूबाईंना तिची ओटी भरायचीय, चिरंजीव म्हणतात की आई तिला ऑकवर्ड होईल. आणि सामानात काय देता येईल? माझ्या डोक्यात आंबेमोहोर, घरचं तूप, लिंबाचं लोणचं, बाकरवडी एवढं आहे.

सदाशिवपेठी

दोन महिन्यांत शनिवारवाडा दाखवला नाहीत आणि आता जायच्या आधी दाखवणार, हे बरंय. आतला लाकडी वाडा १८२८ च्या आगीत गेला, आता जोती आणि बाग राहिलीय, दिल्ली दरवाजा रस्त्यावरून बघितला तरी अर्धं काम होतं. सिंहगडाला पावसात शनिवार-रविवार तर अजिबात जाऊ नका, गड कमी आणि गाड्यांची रांग जास्त बघायला मिळते. शुक्रवारी सकाळी सहाला निघणार असाल तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन या, नाहीतर लसूण सोला.

सामान_तज्ज्ञ

माझी बहीण न्यूजर्सीला असते, दर वर्षी तिच्या बॅगा मीच भरतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो. तांदूळ अजिबात देऊ नका. धान्यातल्या एका किड्यामुळे आपल्याकडचा तांदूळ प्रवासी सामानातून अमेरिकेत न्यायला बंदी आहे, आंबेमोहोर असो की बासमती, ते वास घेऊन सोडत नाहीत. तूपही नको, आपल्याकडच्या दुधाच्या पदार्थांवर त्यांचे निर्बंध आहेत, तिकडे उतरल्यावर कचऱ्यात जाईल आणि तुमचा जीव तुटेल. बाकरवडी, चिवडा, चकली, मसाले हे कंपनीच्या पॅकिंगमध्ये असलं की सहसा त्रास नाही. लोणचं द्यायचं तर चेक-इन बॅगेत, बरणी नको, दुहेरी पिशवीत घालून वर टेप, आणि ती पिशवी कपड्यांच्या मध्ये नको, एकदा बहिणीची पैठणी गेलीय त्यात. हँडबॅगेत लोणचं ठेवलं तर ते लिक्विड धरतात आणि काढून घेतात.

महत्त्वाचं म्हणजे खायचं जे काही असेल ते तिकडे विचारतील तेव्हा सगळं सांगून टाकायचं. सांगितलं तर फार फार तर काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड होतो.

आणि ओटी भरणार असाल तर नारळाचं बघा. सुकं खोबरं तेलामुळे ज्वलनशील धरतात, सिक्युरिटीत अडवतात, अख्ख्या नारळावरूनही हुज्जत होते. तिच्या ओटीत घाला, मग काढून घेऊन वड्या करा. पॉवर बँक मात्र हँडबॅगेतच. वजन तिकिटावर बघा, अमेरिकेला बऱ्याचदा तेवीस किलोच्या दोन बॅगा असतात पण आजकाल स्वस्त तिकिटात एकच देतात. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, वजाबाकी करायची.

कोथरूडकरीण

@सामान_तज्ज्ञ बापरे, तांदळाचं माहीतच नव्हतं, दोन किलो आणून ठेवलाय. अजून एक, तिने मागच्या रविवारी जुन्या बाजारातून एक पितळी समई घेतलीय, विकणाऱ्याने पेशवेकालीन आहे म्हणून सांगितलं. न्यायला काही अडचण?

सदाशिवपेठी

पेशवेकालीन म्हणाला असेल तर निर्धास्त राहा, तिथे मागच्या वर्षीची समईसुद्धा पेशवेकालीनच असते. पण मुलीला सांगून ठेवा की विमानतळावर हे कौतुक करू नको. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखिताला तीच मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. तिने "दिस इज व्हेरी ओल्ड" म्हटलं की पुढची विमानं चुकायची.

तुम्हाला स्वतःहून काही द्यायचं असेल तर कसब्यात तांबट आळीत जा, मठारकाम केलेला तांब्याचा तांब्या घ्या. हातोडीचे ठोके मोजत घडवलेला असतो, दुकानात उभं राहिलं तर आवाज ऐकत बसावंसं वाटतं. नवा आहे, पावती मिळते, फुटत नाही. तिलाही घेऊन जा, म्हणजे प्लॅनमध्ये एक ठिकाण पाहिल्यासारखं होईल आणि तुमचंही समाधान.

रानडेवाली

ताई, मी उलट बाजूने सांगते. मी रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन करत होते तेव्हा एका उन्हाळ्यात हायडेलबर्गला महिनाभराच्या कोर्सला गेले होते, एका आजीबाईंकडे खोली होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी अगदी तुमच्यासारखाच प्लॅन केला, आज किल्ला उद्या नदीतली बोट परवा अजून काही, खूप प्रेमाने केलं सगळं पण मला एकही गोष्ट धड आठवत नाही. आठवतं काय तर शेवटच्या सकाळी खोलीतल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन सुपरमार्केटला गेले होते. तिकडे प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट असतं, मशीनमध्ये बाटली घातली की परत मिळतात. मी महिनाभर बाटल्या साठवल्या होत्या, अकरा निघाल्या, पावती आली पावणेतीन युरोची, आणि मागे उभ्या माणसाने काहीतरी विचारलं त्याला मी न अडखळता उत्तर दिलं, मग बाहेर येऊन ट्रामच्या स्टॉपवर बसून रडले. कारण काय तर मला आता हे सगळं येत होतं आणि आता जायचं होतं.

तिला तेच होत असणार. तुमच्या घरात कोथिंबीर कुठे ठेवतात ते आत्ता कुठे कळलंय आणि तुम्ही तिला परत टुरिस्ट करताय, रागवू नका हं. तिला एकटीला पिशवी देऊन भाजीला पाठवा. भाव करू देत, फसू देत. आणि बॅग भरताना कुणीतरी तिच्या खोलीत उगाच बसून राहा, मदत नाही केली तरी चालेल. मी बॅग भरत होते तेव्हा आजीबाई दारात उभ्या राहून सारखं "काही हवंय का" विचारत होत्या, मला वाटत होतं आत येऊन बसा ना.

मराठी_शिकवते

मी बरीच वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवतेय, म्हणून त्या "आपली कोथिंबीर"वर बोलल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत आपण आणि आम्ही दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे समोरच्याला धरून बोलायचं की वगळून हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. नियम पाठ असतो पण तोंडात येत नाही. मला स्वतःला विद्यार्थी "आम्ही चहा पिऊ या" म्हणतात, म्हणजे मी नुसतं बघत बसायचं. तुमच्या मुलीने फ्रिजसमोर उभं राहून ते बरोबर म्हटलं, मी इथे बसल्या बसल्या मार्क दिले.

मंगळवारच्या परीक्षेसाठी तिच्याकडून भाषण पाठ करून घेऊ नका प्लीज. यजमान फार मदत करतात आणि मग मुलं दोन मिनिटं फाडफाड बोलतात, परीक्षकाने मध्येच "पण मग पूल बंद असला की रिक्षावाला किती घेतो" विचारलं की गारद. काकांना सांगा जेवताना आडवेतिडवे प्रश्न विचारा, चुकलं तरी मध्ये थांबवू नका.

आणि परत गेल्यावरचं बघा. दोन-तीन महिन्यांत भाषा गंजायला लागते, बोलायलाच कुणी नसतं. सासूबाईंचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून द्या, गोष्ट वगैरे नको, एखादी रेसिपी त्यांच्या पद्धतीने, "अंदाजाने घाल गं" वगैरे सकट. मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येते, ते तिला बहुतेक वर्गात सांगितलंच असेल, त्यामुळे जाडजूड कोशांचं वजन वाढवू नका. अप्पा बळवंत चौकातून लहान मुलांची पातळ पुस्तकं घ्या, ती खरंच वाचली जातात.

ओटीचं म्हणाल तर तिलाच विचारा की. वीस वर्षांची आहे, मराठी येतं, "आजींना असं असं करायचंय, तुला चालेल का" एवढं विचारायला काय हरकत आहे. आपण त्यांच्या वतीने फार लाजतो.

एक_पुणेकर_आता_बावधन

गुरुवार संध्याकाळ म्हणजे एक्सप्रेसवे बरा असतो, पण पावसात घाटात काही सांगता येत नाही. कोथरूड ते मुंबई एअरपोर्ट साधारण १५० किलोमीटर, चार तास धरा आणि वर दीड तास हातचा ठेवा. फ्लाइट मध्यरात्रीनंतरची असेल तर तारीख दोनदा बघा, आमच्या एका पाहुण्याने शुक्रवारी पहाटेचं विमान शुक्रवारी रात्री पकडायला जायचं ठरवलं होतं.

कोथरूडकरीण

मंडळी, सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय कारण दोन दिवस घरात कुणाचंच लक्ष नव्हतं.

प्लॅन रद्द केला. शुक्रवारी सकाळी फक्त सिंहगड केला, धुक्यात काही दिसलं नाही, दह्याची दोन मडकी संपवून आलो. तांबट आळीत गेलो तिथे तिने स्वतः तांब्या निवडला, एका बाजूला ठोके जरा वाकडे पडलेत तोच. भाजीला एकटी गेली, कोथिंबिरीची जुडी वीसची पंधराला आणली आणि घरी येऊन असं सांगितलं की जणू पानिपत जिंकलं. कोथिंबीर निम्मी पिवळी होती, कुणी बोललं नाही.

परीक्षेत म्हणे परीक्षकांनी विचारलं, पूल पाण्याखाली जातो तर उंच का नाही बांधत. ही म्हणाली, "काका म्हणतात ते महापालिकेला विचारा." सगळे हसले, तिला वाटलं चुकलं काहीतरी.

ओटीचं तिला विचारलं तर म्हणाली हो, पण आजी, मला साडी नेसवा. मग एकच गडबड, माझं ब्लाउज तिला होईना, चिरंजीवांनी सेफ्टी पिना पुरवल्या, ऑकवर्ड वगैरे काही झालं नाही. नारळ काढून घेतला, वड्या झाल्या. निघताना दारात हातावर दही घातलं, तिने चाटलं, सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, मी जाते." सासूबाई एकदम, "जाते नाही म्हणायचं, येते म्हण." ही गोंधळली, म्हणे पण मी तर जातेय. पुस्तकात जाणे आणि येणे वेगळे आहेत ना. सासूबाईंनी समजवायला तोंड उघडलं आणि त्यांना बोलताच येईना, पदर लावला डोळ्याला. मग ही तीनदा म्हणाली, येते, येते, येते. लिफ्टमध्येही म्हणत होती.

मुंबईला गेटवर पासपोर्ट-तिकीट बघून तिला आत घेतलं, आपल्याला आत जाता येत नाही, काचेतून दिसत राहिली थोडा वेळ. तांब्या हँडबॅगेत होता, स्कॅनरवर उघडून बघितला म्हणे.

आज मेसेज आला, घरी पोचली. लोणचं सांडलं नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या वाटेतच संपल्या, शेजारच्या सीटवरच्या आजोबांनाही दिल्या. आणि लिहिलंय, "काकू, डबा माझ्याकडेच राहिला. तुम्ही म्हणाल्या होतात रिकामा डबा परत देत नाहीत, तर मी काय घालू?" अहो, घाईत पुऱ्या स्टीलच्या डब्यात भरून दिल्या होत्या मी. सेटमधला तिसरा, झाकण घट्ट बसणारा तेवढा एकच होता. आता लोणच्याच्या फोडी कशात ठेवू, हे शोधतेय.