मदत हवी आहे: आठ वर्षांच्या मुलीला गेममधल्या अनोळखी लोकांबद्दल न घाबरवता कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी, लेक तिसरीत आहे, धाकटा पाच वर्षांचा. आम्ही नाशिकला असतो, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत मुलं आजी-आजोबांकडे. जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

लेक टॅबवर एक गेम खेळते, घर सजवायचं, बाहुलीचे कपडे बदलायचे, दुसऱ्यांच्या घरी जायचं असला. परवा मी मेथी निवडत होते आणि ती शेजारीच खेळत होती, सहज लक्ष गेलं तर चॅटवर कोणीतरी विचारतंय, "कौनसी क्लास?" मग "स्कूल का नाम बता", मग "अपना फोटो भेज, मैं तुझे और विंग्ज दूंगी" आणि त्याच्याखाली "मम्मी को मत बताना, सरप्राइज है". लेकीचं शाळेचं नाव अर्धं टाइप करून झालं होतं. मी टॅब घेतला तर रडायलाच लागली, "अगं आई, ती माझी फ्रेंड आहे, तिने मला आधी पण पंख दिलेत!"

फोटो वगैरे काही गेलेलं नाही. आधी स्क्रीनशॉट काढले, त्यात समोरच्याचा आयडी आणि वेळ येईल असं बघितलं, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. कोणावर अशी वेळ आली तर याच क्रमाने करा, कारण ब्लॉक केल्यावर काही ठिकाणी चॅटच दिसेनासं होतं.

मग अकाउंट उघडून पाहिलं तर जन्मसाल 2005! सुट्टीत आलेल्या पुतण्याने पटकन बनवून दिलं होतं, खरं वय टाकलं तर चॅट बंद राहतं म्हणून. बऱ्याच गेममध्ये मुलांसाठीचे निर्बंध त्या जन्मतारखेवरूनच लागतात हो, मोठं वय टाकलं की तुमची आठ वर्षांची पोर त्यांच्या दृष्टीने मोठी बाई. ज्यांच्या घरी दादा-ताईने अकाउंट काढून दिलंय त्यांनी आज रात्रीच तपासा.

आतापर्यंत काय केलं ते सांगते म्हणजे तेच तेच कोणी लिहायला नको. ते अकाउंट डिलीट करून खऱ्या तारखेने नवीन काढलं, चॅट बंद. टॅबवर गूगल फॅमिली लिंक टाकलं, आता नवीन अ‍ॅप घ्यायचं तर माझ्या फोनवर परवानगी येते आणि ठरलेल्या वेळेनंतर टॅब लॉक होतो. पण गेमच्या आतलं चॅट त्यात दिसत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. धाकट्यासाठी यूट्यूब किड्स, सर्च बंद करून. आजोबांच्या फोनवर पेन्शनचं खातं आणि यूपीआय आहे, तो मुलांच्या हातात द्यायचाच झाला तर स्क्रीन पिन करून, म्हणजे उघडलेल्या अ‍ॅपमधून दुसरीकडे जाता येत नाही. 1098 आणि 1930 हे दोन्ही नंबर फ्रिजवर लावलेत, पहिला मुलांसाठीची हेल्पलाइन आणि दुसरा ऑनलाइन पैसे गेले तर. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर मुलांच्या बाबतीतली तक्रार वेगळी करता येते हेही आत्ताच कळलं.

सेटिंगचं झालं एकवेळ. अडलंय ते बोलण्यात.

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" हे तिला तोंडपाठ आहे. पण जिच्याशी रोज संध्याकाळी खेळते, जी पंख देते, ती तिच्या लेखी अनोळखी नाहीच ना! म्हणून मी आता समोरचं कोण आहे ते बाजूला ठेवलं आणि काय मागतंय ते बघायला सांगितलं. कोणीही असो, नाव, शाळा, पत्ता, फोटो मागितला किंवा घरी सांगू नको म्हणालं की टॅब तिथेच पालथा ठेवायचा आणि मोठ्यांना हाक मारायची. हे तिला पटलं असं वाटतंय. पण लगेच पुढचा प्रश्न, "मग आत्या माझा युनिफॉर्ममधला फोटो स्टेटसला ठेवते ते चालतं का?" काय उत्तर देणार. नणंदेला मी फोटो स्टेटसवरून काढून टाकायला सांगितला, तिने काढला पण जरा फुगलीय.

दुसरं म्हणजे "सांगितलं तर आई टॅब काढून घेईल" ही भीती. मला हीच जास्त घातक वाटते. उद्या खरंच काही घडलं आणि टॅबपायी पोरीने लपवलं तर? तिला शब्द दिलाय की तू येऊन सांगितलंस तर टॅब जाणार नाही. पण सासूबाईंचं म्हणणं, मोबाइल-टॅब कपाटात टाका, आमच्या वेळी कुठे होतं हे. त्यांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी वाद नाही. पण गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, शेजारच्या मैत्रिणीकडे टॅब आहेच, कुठे कुठे कपाटं लावणार? आणि आजी दुपारी "थांब, तुझ्या आईला सांगते" म्हणाल्या की माझा शब्द फुकट जातो.

तर ज्यांची मुलं सहा ते दहा वयाची आहेत त्यांनी प्लीज सांगा:

तुम्ही नेमके कुठले शब्द वापरलेत? "वाईट लोक असतात" म्हटलं की आमची रात्री लाइट बंद करू देत नाही, आणि काहीच नाही सांगितलं तर गांभीर्य कळत नाही. नाटक करून, म्हणजे मी समोरचा होते आणि तू उत्तर दे असं कोणी खेळलंय का?

घरातल्या ज्येष्ठांना कसं सोबत घेतलंत? आमच्या बाबांना फोन छान येतो, शिकवलं तर ते दुपारी शेजारी बसून लक्ष ठेवतील, पण गेममधलं नेमकं काय बघायचं हे त्यांना सोप्या भाषेत कसं सांगू?

आणि शनिवारी शाळेत पालकसभा आहे, तिथे हा विषय काढणार आहे. तिसरीच्या मुलांना झेपेल असा अर्ध्या तासाचा तास कोणी शाळेत घेतला असेल, शिक्षक असाल तर फारच बरं, तर काय काय घेतलं ते शुक्रवारपर्यंत लिहा. स्क्रीनशॉट इथे टाकत नाही, लेकीचं गेममधलं नाव त्यात आहे.