बॅटरीची वेल्ड केलेली चौकट तिरकी झाली; ठोकून सरळ करावी की नवी करावी?

प्रश्न
जुन्या दुचाकीचे इंजिन उतरवून मी ती विजेवर चालवण्याच्या खटपटीत आहे. प्रत्येकी सुमारे दोन किलोचे, लिथियम आयर्न फॉस्फेटचे 16 सेल सिरीजमध्ये जोडायचे आहेत, म्हणजे 51.2 व्होल्ट. आठ-आठच्या दोन रांगा मावतील अशी चौकट 25 × 25 × 3 मिमी अँगलची केली. तुकडे गुण्यात (काटकोनात) लावले होते, परंतु एकेक कोपरा पूर्ण वेल्ड करत पुढे गेल्यामुळे शेवटी दोन कर्णांत 5 मिमीचा फरक निघाला. आता सेल एका कोपऱ्यात अडकतात. काय करावे?

उत्तर 1
ठोकू नका. वेल्ड निवताना आकसतो आणि अँगलला आपल्याकडे ओढतो. आपण कोपरे एकामागून एक संपवल्यामुळे ही ओढ साठत गेली. समोरासमोरचे दोन कोपरे ग्राइंडरने कापून मोकळे करा, लांब कर्णावर क्लॅम्प आवळा, कापलेल्या ठिकाणी नुसते टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारा आणि कर्ण पुन्हा मोजा. ते जुळल्यावरच समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून छोटे छोटे वेल्ड घाला. अडीच मिमीच्या रॉडला 70 ते 80 अँपिअर पुरतात.

उत्तर 2
वरील उत्तर योग्यच आहे, पण माझ्या मते खरी चूक मापात आहे. लोखंडाला सेल चिकटून बसावेत असा आग्रहच धरू नये. अनेक सेलचे अॅल्युमिनियमचे कवच एखाद्या टर्मिनलशी विद्युतदृष्ट्या जोडलेले असते आणि वर असते ते केवळ पातळ प्लास्टिकचे वेष्टन. माझ्या पहिल्या चौकटीत आतल्या बाजूस मोहरीएवढा वेल्डचा शिंतोडा राहिला होता. हादऱ्यांनी त्याने वेष्टन घासून भोक पाडले आणि मीटर लावला तेव्हा चौकटीवर व्होल्टेज दिसू लागले. तेव्हापासून मी शिंतोडे घासून काढतो, रेड ऑक्साइड मारतो आणि चारही बाजूंना, तसेच दर दोन सेलांमध्ये, इपॉक्सी-ग्लासची पातळ वीजरोधक शीट घालतो. तिची जागा धरूनच चौकटीचे माप काढावे. सेल काळानुरूप थोडे फुगतात, म्हणून रांगेच्या टोकांना जाड पट्ट्या देऊन त्या आट्यांच्या सळयांनी, सेलच्या उत्पादकाने सांगितलेल्या दाबापर्यंतच आवळाव्यात.

उत्तर 3
32 किलोचे वजन खड्ड्यात कितीतरी पटींनी जाणवते, म्हणून चौकट चेसिसच्या आडव्या नळीवर टेकलेली असावी, वेल्डच्या भरवशावर खाली लोंबकळू नये. चेसिसला कान (चौकट बोल्टने बसवायच्या पट्ट्या) वेल्ड करताना बॅटरी व कंट्रोलर गाडीबाहेर काढून ठेवा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. चौकट मात्र नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणाऱ्या) नटांनीच बसवा, म्हणजे ती पुढेमागे काढता येईल.

प्रश्नकर्ता
दोन कोपरे कापून पुन्हा जोडले; आता कर्णांत 1 मिमीचाच फरक आहे. शीटसाठी मात्र जागा उरत नाही, त्यामुळे आडवे अँगल 8 मिमीने लांब कापून चौकट नव्याने करतो आहे.