मदत हवी आहे: नव्या सॅपमध्ये रात्रपाळीला सोबत कसं घ्यायचं?
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअर्स बघतो. सॅप ईसीसी, म्हणजे स्टॉक-खरेदीच्या नोंदी ठेवणारं आमचं सध्याचं सॉफ्टवेअर, त्याचा नियमित सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, म्हणून आम्ही सॅपच्याच नव्या एस-फोर हानावर जातोय.

अडचण माणसं आणि सिस्टिम यांच्या मधली आहे. रात्री लाइन थांबू नये म्हणून जादा माल चिठ्ठीवर दिला जातो, एन्ट्री दुसऱ्या दिवशी होते, कधी राहूनच जाते. मग स्टॉक नसताना दिसतो, एमआरपी (किती माल लागेल ते काढणारा सिस्टिमचा हिशोब) तोच धरतं आणि खरेदीची मागणी निघतच नाही. वरिष्ठ म्हणतात, रात्रपाळीच्या लोकांना मेमो द्या. मला हे अजिबात पटत नाही. लाइन तीच माणसं चालू ठेवतात.

कुणी रात्रपाळीच्या स्टोअरकीपरलाच की-यूजर (सिस्टिम आधी शिकून बाकीच्यांना मदत करणारा माणूस) केलंय का? स्क्रीनवरची फील्ड कमी करून घेतली का? युनियनशी बोलणी कधी केलीत, ट्रेनिंगच्या आधी की नंतर?