साठा वाढलाय तरी जीडीपीत मायनस?? अर्जंट मदत हवी आहे

घाईत_आहे
मंडळी उद्या सकाळी ९ ला प्रेझेंटेशन आहे. एका तक्त्यात कंपन्यांकडचा मालाचा साठा वाढलाय असं सरळ दिसतंय आणि पुढच्याच तक्त्यात त्याच साठ्याचा जीडीपी वाढीतला वाटा उणे २ च्या आसपास. छपाईची चूक आहे की मीच येडा आहे?

कट्टेकरी
देश कुठला, तिमाही कुठली, चालू किमती का स्थिर (महागाई वगळून)?

टॅलीवाला
सोपं आहे. क्लोजिंग स्टॉक खरेदी किंमत किंवा बाजारभाव, जे कमी असेल त्याने धरायचा. २२ वर्षं हेच करतोय.

कट्टेकरी
काका तो दुकानाच्या ताळेबंदाचा नियम, इथे देशाचं चाललंय.

टॅलीवाला
देश म्हणजे तरी काय, मोठं दुकानच.

घाईत_आहे
अमेरिका हो, अजून कुठला! २०२२ ची दुसरी तिमाही, पहिला अंदाज. स्थिर किमती.

महागाई_मॅन
मग महागाईच. तेव्हा भाव किती चढले होते, जुन्या मालाची किंमत नुसती पडून वाढली.

कट्टेकरी
नाही रे, पडून पडून झालेला नफा राष्ट्रीय हिशोबात उत्पादन धरतच नाहीत, तो आधीच काढून टाकतात, आणि त्याने स्थिर किमती म्हटलंय की. घाईत, तुझे आकडे बरोबर आहेत. पहिल्या तिमाहीत साठ्यात भर पडली वार्षिक दराने (म्हणजे तोच वेग वर्षभर राहिला तर) १८८.५ अब्ज डॉलर, दुसरीत ८१.६. म्हणजे टाकी भरतेच आहे पण नळाची धार बारीक झाली. जीडीपीत साठ्यातली भर धरतात, त्यामुळे जीडीपीच्या वाढीत मोजला जातो त्या भरीतला फरक. तो उणे, म्हणून वाटा उणे, सुमारे २ टक्के बिंदू. त्या अंदाजात अख्ख्या जीडीपीची वाढच उणे ०.९ टक्के होती.

लासलगावचा
आमच्या चाळीतला कांदा धरतात का यात? निम्मा सडतो, त्याचं काय?

कट्टेकरी
धरायचा असतो, आणि नेहमीची सड-घट त्यातून वजा. पण धागा अमेरिकेचा आहे.

महागाई_मॅन
तरी माझं म्हणणं महागाईचा हात आहेच.

घाईत_आहे
अच्छा फरकातला फरक!! कळलं. पण साहेब विचारणार की भर कमी पडली ती माल खपला म्हणून की दुकानांनी मागवलाच नाही म्हणून? पटकन सांगा

टॅलीवाला
खरेदी रजिस्टर काढ.