लग्नाची चाळीस वर्षं आणि दोघांचं टेबल

ग्रुप: आई-बाबा सोडून सगळे

दादा: शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. यंदा घरी काही नको, आई परत ओट्यापाशीच उभी राहील. चांगल्या फाइन डाइनिंगच्या ठिकाणी नेऊ. एक जागा बघून ठेवलीय, पुरस्कार मिळालेली. दहा कोर्सचा टेस्टिंग मेन्यू आहे, म्हणजे एकामागून एक अशा दहा छोट्या प्लेटा. आपण आठ जण. आजच बुकिंग करून टाकतो.

ताई: कर, कर! केकचं मी बघते. दिवे मंद करायचे, सगळ्या स्टाफने गात यायचं. आईला आधी अजिबात कळू द्यायचं नाही.

मी: दादा, दहा कोर्स म्हणजे किती वेळ?

भाऊजी: अडीच-तीन तास धरा. कधी त्याहून जास्तच.

वहिनी: मग जरा थांबा. आईंचं रात्रीचं इन्सुलिन जेवणाच्या तोंडावर असतं. टेस्टिंग मेन्यूतले पहिले दोन-तीन कोर्स म्हणजे एकेक घास. इन्सुलिन घेऊन झालं, पोटात दोनच घास आणि पुढची प्लेट अर्ध्या तासाने, तर साखर खाली जायला वेळ लागत नाही. मागे एका लग्नात जेवण लांबलं तेव्हा आईंचे हात थरथरायला लागले होते. मी शेजारी होते म्हणून लक्षात आलं.

दादा: हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बुकिंग थांबवतो.

आत्या: मी मघापासून वाचतेय. आता लिहिते. लांबेल, पण सगळं वाचा.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी असंच हौसेने नेलं होतं. जागा सुंदर होती, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण टेबल मिळालं स्वयंपाकघराच्या दाराशी. मिनिटामिनिटाला दार ढकललं जायचं. छत उंच, खाली गुळगुळीत फरशी, दोन बाजूंना काचा, वरून गाणी चालू. तुमच्या काकांना तेव्हा नुकतंच कानाचं मशीन लागलं होतं. मशीन लावलं की समोरच्याच्या बोलण्याबरोबर प्लेटांचा आणि खुर्च्यांचा आवाजही तेवढाच मोठा होतो. अर्ध्या तासाने त्यांनी ते हळूच काढून शर्टाच्या खिशात टाकलं. बाकी कोणी पाहिलं नाही, मी पाहिलं. पुढचे दोन तास ते सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवत होते.

मग अचानक दिवे गेले आणि सहा-सात माणसं गात टेबलाभोवती जमली. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला अंधारात असा गराडा पडला की तो दचकणारच. ते दचकले, हात ग्लासला लागला, पाणी सगळं मांडीवर. मुलांनी त्याचा व्हिडिओ काढलाय. तो मी आजवर उघडलेला नाही.

घरी येताना विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, मुलांनी किती केलं! बस, एवढंच. दिवस आमचा होता आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांशी एक वाक्यसुद्धा बोललो नव्हतो.

माझ्या भावाचंही आता तसंच होत चाललंय. टीव्हीचा आवाज मोठा करतात म्हणून तुम्ही चिडता ना, तेच ते.

ताई: आत्या, हे तू कधी बोलली नाहीस. केक नको. गाणंही नको.

दादा: पण ही जागा नावाजलेली आहे. तिथे एवढी काळजी घेत असतील ना?

भाऊजी: बारा वर्षं मी रेस्टॉरंटच्या फ्लोअरवर, म्हणजे टेबलांवर वाढण्याच्या कामात काढलीत, म्हणून स्पष्टच सांगतो. नाव होतं ते प्लेटमधल्या पदार्थाचं. मिशेलिनचंच घ्या. १९०० साली टायरच्या कंपनीने गाडीवाल्यांसाठी पुस्तिका काढली, १९२६ पासून त्यात जेवणाच्या ठिकाणांना तारे द्यायला सुरुवात झाली, १९३१ पासून एक, दोन, तीन अशी उतरंड आली. आजही तारा ठरवताना निरीक्षक फक्त जेवण बघतात. जिन्नस कसे, शिजवणाऱ्याचा हात कसा, दरवेळी तीच चव येते का. खुर्ची, उजेड, आवाज, वेटर कसा बोलतो, यातलं काहीच ताऱ्यात धरत नाहीत. म्हणजे तीन तारे असले तरी बाबांना आईंचं बोलणं ऐकू येईल याची हमी नाही. ती चौकशी आपली आपणच करायची.

मी: काय काय विचारायचं? फोन मी करते.

भाऊजी: टेबल कोपऱ्यातलं मागा, एका बाजूला भिंत हवी. किचनचं दार, बार, वॉशरूम आणि स्पीकर, चारहीपासून लांब. हॉलमध्ये कार्पेट, पडदे, टेबलक्लॉथ आहेत का ते विचारा. कापड आवाज शोषून घेतं, काच आणि फरशी तो परत फेकते. आणि वेळ पहिल्या सीटिंगची, म्हणजे संध्याकाळच्या पहिल्या पंगतीची घ्या. उघडल्या उघडल्या हॉल अर्धा रिकामा असतो, किचनवर ताण नसतो, आणि वेटरलाही टेबलापाशी दोन मिनिटं थांबायला सवड असते.

वहिनी: बाबांचा उजवा कान बरा आहे.

भाऊजी: मग त्यांची डावी बाजू भिंतीकडे, आई उजव्या हाताला. समोरासमोर नको, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसवा, अंतर निम्म्यावर येतं. शिवाय आईंच्या चेहऱ्यावर उजेड पडायला हवा. कमी ऐकू येणारा माणूस ओठांकडे बघून बरंच समजून घेतो. नुसत्या मेणबत्तीच्या उजेडात तेही जातं.

मी: बाबा माझ्याशी बोलताना सारखे तोंडाकडे का बघतात ते आज कळलं.

ताई: आणि आईचं शाकाहारी सांगून ठेवलं की झालं ना?

भाऊजी: नुसतं "शाकाहारी" म्हणून फोन ठेवू नका. भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचा स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असू शकतो. मूस, पन्ना कोटा अशा गोड पदार्थांत बरेचदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून होतं. खरं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध फाडायच्या विरजणाशिवाय, बनतच नाही. मेन्यूवर यातलं काही लिहिलेलं नसतं. आईंना काय चालत नाही ते एकेक शब्द उच्चारून सांगा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

आणि हे दोन दिवस आधी. सकाळीच सगळी मिझाँ प्लास लागते, म्हणजे चिराचिरी, स्टॉक, सॉस, सगळं तयार करून ज्या त्या जागी. रात्री टेबलावर बसून सांगितलं तर शेफ फार तर प्लेटमधून एखादी गोष्ट काढून देईल. तेव्हा पाहुण्याला जे मिळतं ते उरलेलं असतं. आधी कळलं तर तो आईंसाठी मनापासून काहीतरी करतो. मी स्वतः अशा चिठ्ठ्या किचनमध्ये नेऊन दिल्यात, मला माहिती आहे.

वहिनी: आईंच्या डॉक्टरांशी बोलले. आईंच्या बाबतीत पहिली पोटभरीची प्लेट समोर आल्यावरच इन्सुलिन घ्यायचं, आधी नाही. पर्समध्ये ग्लुकोज ठेवायचं. दहा कोर्सचं ऐकून ते नको म्हणाले. तीन कोर्स, नेहमीच्या मेन्यूतून.

दादा: ठीक. टेस्टिंग मेन्यू रद्द. मग आठ जणांचं टेबल, कोपऱ्यातलं, पहिलं सीटिंग.

भाऊजी: आठ कव्हर्स, म्हणजे आठ माणसांची मांडणी म्हटलं की कोपरा मिळणं कठीण. शिवाय एका टेबलाच्या सगळ्या प्लेटा एकदमच निघाव्या लागतात. एक ग्रिलवरून, एक सॉसवाल्याकडून, एक थंड विभागातून. शेवटची तयार होईपर्यंत पहिली पासवर, म्हणजे किचनमधून प्लेटा बाहेर देतात त्या ओट्यावर, थांबते. माणसं वाढली की दोन कोर्समधलं अंतर वाढतं, आणि आईंना नेमकं तेच नकोय.

आत्या: मी एक विचारू? आपण आठ जण का जातोय?

दादा: म्हणजे काय आत्या? चाळीस वर्षं झाली. आपण नको तिथे?

मी: दादा, एक सांगू? मागच्या आठवड्यात आईला सहज विचारलं, तुम्ही दोघंच बाहेर शेवटचं कधी जेवलात? हातातली भाजी निवडायची थांबवून बराच वेळ आठवत होती. मग म्हणाली, "तुझ्या वेळचे दिवस होते तेव्हा." मी सत्तावीस वर्षांची आहे.

ताई: बापरे.

वहिनी: खरंय. आपल्याबरोबर आल्या तर आई आधी बघणार कोणाला काय हवं, कोणाचं संपलं, बिल किती झालं. बाबा आपल्या गप्पांत मान हलवत बसणार, आत्यांनी लिहिलंय तसं.

दादा: मला त्यांच्यासोबत बसायचं होतं. बाबांना एकदा नीट सांगायचं होतं काहीतरी. असो.

आत्या: बस ना, रविवारी घरी बस, आणि जे सांगायचंय ते उजव्या कानापाशी सांग. शनिवार त्या दोघांना देऊन टाक.

दादा: दिला.

आत्या: आणि लपवू नका. माझ्या वहिनीला, म्हणजे तुमच्या आईला, आजच सांगा. काय नेसायचं ते ठरवायला चार दिवस मिळू देत. अचानक नेलं की बाईमाणूस रात्रभर स्वतःच्या चपलांकडे बघत बसतं.

ताई: आईला काट्या-चमच्यांची धास्ती असते. एवढे मांडलेले बघून ती खाणारच नाही.

भाऊजी: त्यांना इतकंच सांगा, बाहेरून आत. सगळ्यात बाहेरचा पहिल्या कोर्सला, मग त्याच्या आतला. चुकीचा उचलला तरी वेटर गुपचूप दुसरा आणून ठेवतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

एक मात्र बाबांना नक्की सांगा. सुरी-काटा प्लेटमध्ये शेजारी-शेजारी समांतर ठेवला तर "झालं, उचला" असा त्याचा अर्थ होतो. खाता खाता थांबायचं असेल तर दोन्ही एकमेकांपासून लांब, टोकं आत.

मी: म्हणूनच तर! ताईच्या साखरपुड्याच्या वेळी बाबांची निम्मी प्लेट उचलून नेली होती. ते बोलायला थांबले होते. घरी आल्यावर म्हणाले, "भूक नव्हतीच." आणि रात्री अकराला फ्रीज उघडून उभे होते.

ताई: अरे देवा. मी तर विसरूनच गेले होते.

भाऊजी: बिलाचं राहिलं. ते टेबलावर येऊच द्यायचं नाही. आधीच जाऊन कार्ड देऊन या. काही ठिकाणं पाहुण्यांसाठी किमती नसलेलं मेन्यूकार्डही देतात, ते मागून बघा. किंमत दिसली की आई सगळ्यात स्वस्त काय तेच बघतील. वेटरसाठी काही ठेवायचं तर सेवाशुल्क बिलात धरलंय का ते आधी विचारा, नाहीतर दोनदा जाईल. दिलंत तर हातात द्या, बरं वाटतं.

दादा: कार्ड मी देऊन येतो. हे माझ्याकडेच राहू दे.

(दुसऱ्या दिवशी)

मी: फोन झाला. दादाने बघितलेल्या जागी कोपऱ्यातलं दोघांचं टेबलच नव्हतं आणि गाणी कमी करता येणार नाहीत म्हणाले. दुसरीकडे केला. तिथल्या मॅनेजर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मी न सांगता विचारलं, "बाबांचा कोणता कान?" शनिवारी साडेसात, खिडकीजवळचा कोपरा, डावीकडे भिंत. टेबलावर एक छोटा दिवा जास्तीचा ठेवतील. आईचं काय चालत नाही ते परत वाचून दाखवलं, जिलेटिनसकट. इन्सुलिनचं सांगितलं तर म्हणाल्या, पहिला कोर्स मोठा देऊ आणि बसल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत आणू. केक नाही, गाणं नाही. मेन्यू मेलवर आलाय, मी मोठ्या अक्षरांत छापून आणते, दोघांनी घरीच वाचून ठेवावा.

वहिनी: आईंना आत्ताच सांगितलं. आधी म्हणाल्या, कशाला एवढं. मग आत गेल्या आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

आत्या: आणि माझा भाऊ?

वहिनी: बाबांनी कानाच्या मशीनचे सेल बदलायला काढलेत.

दादा: मी सोडायला जातो. दारापर्यंतच, आत येणार नाही.

ताई: आणायला मी. कितीला येऊ?

भाऊजी: वेळ नका ठरवू. उठल्यावर ते फोन करतील.