"मानवी चूक" हा शेवट की सुरुवात? लष्करी विमान अपघातांचे अहवाल उघड व्हावेत का?

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहून टाकते.

8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळलं. जनरल बिपीन रावत, त्यांच्या पत्नी आणि बाकीचे बारा जण गेले. जानेवारी 2022 मध्ये तिन्ही दलांच्या चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष थोडक्यात जाहीर झाले: यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, हलगर्जी नाही, हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला. यानंतर जवळपास तीन वर्षं शांतता. मग डिसेंबर 2024 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात 2017 ते 2022 मधल्या 34 अपघातांचा तक्ता आला. त्यात या अपघाताच्या कारणाच्या रकान्यात काय, तर "मानवी चूक (हवाई कर्मचारी)". देशाच्या पहिल्या संरक्षणप्रमुखाच्या मृत्यूचं कारण एका रकान्यात मावलं.

माझा आक्षेप "मानवी चूक" या शब्दांना नाही, चूक असेलही. आक्षेप आहे तो चौकशी तिथेच थांबण्याला. त्या माणसाला त्या प्रसंगात कुणी आणि कशाने आणून सोडलं, हा पुढचा प्रश्न रकान्यात बसत नाही.

मिग लढाऊ विमानांचंच बघा. 1982 मध्ये विमान अपघातांवरच्या ला फोंतेन समितीने सांगितलं होतं की नवख्या वैमानिकांसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं. हॉक विमानांचा करार झाला 2004 मध्ये आणि ती दाखल झाली 2008 मध्ये. मधली 26 वर्षं पोरं संथ किरण प्रशिक्षण विमानावरून उतरून मिग-21 वर चढत राहिली. तेव्हाच्या किती "मानवी चुका" दिल्लीत पडून राहिलेल्या त्या फायलीच्या होत्या? 2012 मध्ये संरक्षणमंत्री अँटनींनी राज्यसभेत आकडा दिला: मिग जातीच्या 872 विमानांपैकी 482 अपघातग्रस्त, 171 वैमानिक मृत्युमुखी. या सव्वीस वर्षांपायी एका तरी सचिवाला किंवा मंत्र्याला कुणी जाब विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक लष्करी विमान अपघाताचा अहवाल वर्षभरात संसदेपुढे यावा. गोपनीय भाग काळा करा, पण कारण सांगा.

भालदार

ताई, भावना समजल्या. पण लष्कर म्हणजे गृहनिर्माण सोसायटी नाही, दर वर्षी हिशोब मांडायला. कुठलं विमान कुठल्या उंचीवर, कुठल्या मार्गाने, कुठलं यंत्र घेऊन जात होतं हे शेजाऱ्याला फुकटात का सांगायचं? "काळा करा" म्हणायला सोपं आहे. काळं केलं की तुम्हीच उद्या ओरडणार, लपवलं लपवलं म्हणून.

निफाडकर

भालदार, ते बरोबर. पण आमच्याकडचं ऐका.

4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस. दुपारी अख्खं घर टीव्हीसमोर. आवाज झाला तेव्हा आधी वाटलं कोणाच्या तरी विजयाचे फटाके. बाहेर येऊन बघतो तर लांबवर धूर. आमच्या तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई-30 पडलं होतं. दोन्ही वैमानिक पॅराशूटने सुखरूप उतरले, गावात कोणी दगावलं नाही. देवाची कृपा. ओझरचा विमान कारखाना आमच्या उशाशी, नातेवाईक तिथे कामाला, विमानाच्या आवाजाला आमची ढोरंसुद्धा मान वर करत नाहीत. म्हणजे विमानांचं वाकडं वाटणारी माणसं आम्ही नव्हे.

पण ते का पडलं, हे मी आजतागायत कुठे वाचलेलं नाही. रडार-बिडार काही नको सांगू बाबा. बिघाड होता की आणखी काही आणि तो बाकीच्या विमानांत तपासला का, इतकंच सांग. ज्याच्या डोक्यावरून रोज उडतं, त्याला एवढं विचारायचा हक्क नाही?

वायरलॉक

निवृत्त एअरमन, इंजिन फिटर. धाग्याच्या विरोधात लिहितोय, सबब आधीच हेल्मेट घातलंय.

आधी एक दुरुस्ती. "हलगर्जी नाही" आणि "मानवी चूक" यात विसंगती नाही. हलगर्जी म्हणजे नियम माहीत असून धाब्यावर बसवणं. चूक म्हणजे नियम पाळत असतानाही ढगात खालीवर कळेनासं होणं. पट्टीच्या वैमानिकालाही ते होतं. कानातला तोल एक सांगतो आणि समोरचं यंत्र दुसरं.

आता मुद्दा. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका स्टेशनवर, रात्रपाळीत एका विमानाचं काम संपवलं. आमच्याकडे हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लगेच डोळ्यात खुपते. फळी पूर्ण भरलेली होती. पण मी सहा स्प्लिट पिना काढून आणल्या होत्या, पाच लावल्या आणि डबीत एकही उरली नव्हती. एक पिन, माझ्या करंगळीच्या अर्ध्याएवढी. इंजिनाच्या तोंडाशी राहिली असती तर आत ओढली जाऊन काय करते ते मी सांगायला नको.

रात्रीचा दीड. सार्जंट झोपायला गेलेला. मी गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी फ्लाइट सेफ्टी ऑफिसरला उठवलं. का? कारण महिन्यापूर्वीच त्यांनी सगळ्या पोरांना उभं करून सांगितलं होतं, "जो स्वतः येऊन सांगेल त्याचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही." विमान थांबवलं, पहाटेपर्यंत पॅनेल उघडून टॉर्च मारत शोधलं.

ताई, तुमचा अहवाल संसदेत जाणार, तिथून चॅनेलवर. त्या रात्री मला हे माहीत असतं तर मी बोललो असतो? बावीस वर्षांचा होतो. घरी आईला पैसे जायचे.

कलम_आठ

वायरलॉक, प्रतिसाद आवडला आणि तरीही असहमत.

तुम्ही दोन गोष्टींची मोट बांधताय. एक, तंत्रज्ञाने विश्वासाने दिलेला जबाब. दुसरी, अपघाताची वस्तुस्थिती: कुठला भाग तुटला, कधी बनला, आधी तक्रार होती का. अमेरिकी हवाई दल या दोन चौकशा वेगळ्या करतं. सुरक्षा चौकशी बंद दाराआड होते, तिथले जबाब बाहेर येत नाहीत. दुसरी अपघात चौकशी असते, तिचा अहवाल लोकांसाठी. तुमची पिन पहिल्या खोलीतच राहील.

आपल्याकडे एकच कोर्ट ऑफ इन्क्वायरी, तीही त्याच दलाच्या अधिकाऱ्यांची. नागरी विमान पडलं तर निदान एएआयबी नावाची वेगळी यंत्रणा आहे, तिचे नियम आहेत. लष्करी विमानाला ते लागू नाहीत.

आणि माहिती अधिकार म्हणाल तर हवाई दल काही त्या कायद्याबाहेर नाही. कलम 8(1)(अ) सुरक्षेसाठी नकार देऊ देतं, पण त्याच कलमाच्या पोटकलम 2 मध्ये लोकहित भारी ठरल्यास माहिती द्यायची तरतूद आहे. ती पोटकलम 2 वापरायची इच्छा कुणाला नसते, ही गोष्ट वेगळी.

विंग कमांडर संजीत सिंग कैला यांचा खटला वाचाच. जानेवारी 2005 मध्ये त्यांचं मिग-21 पडलं, ते वाचले, पण पाठीच्या दुखापतीमुळे लढाऊ विमानं कायमची सुटली. दोष त्यांचा नव्हता, विमान बनवणाऱ्या एचएएलच्या कामातली कसूर होती. मे 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 55 लाख भरपाई द्यायला लावली, 50 लाख एचएएलने आणि 5 लाख केंद्राने. बारा वर्षं! तीही एका जिवंत, सेवेतल्या, चिवट अधिकाऱ्याला. जो गेला, त्याच्या बायकोने वकील कुठून आणायचा?

भालदार

अमेरिकेचं उदाहरण आलंच. अमेरिकेकडे जादा विमानं वाळवंटात हजारोंनी उभी आहेत. आपल्याकडे स्क्वाड्रन मोजायला हाताची बोटं लागतात. "या विमानाचा अमुक भाग कच्चा आहे" असा अहवाल आपणच छापला, तर दुसऱ्या दिवशी शत्रूला कळतं की निम्मा ताफा जमिनीवर आहे.

मंद्रसप्तक

ते तसंही कळतंच की. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले, आणि तिन्ही दलांची आणि तटरक्षक दलाची मिळून तीनशेच्या वर ध्रुव हेलिकॉप्टरं महिनोन् महिने उभी राहिली. रोज बातम्या येत होत्या. ताफा जमिनीवर आहे हे जगाला कळलं, का आहे एवढंच आपल्याला धड कळलं नाही.

आणि बडगाम? 27 फेब्रुवारी 2019, श्रीनगरजवळ एमआय-17 पडलं, हवाई दलाचे सहा आणि एक नागरिक गेला. आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. हवाई दलप्रमुख भदौरियांनी ते जाहीरपणे कबूल केलं ऑक्टोबर 2019 मध्ये, "आमची मोठी चूक" म्हणून. कबूल केलं याबद्दल त्यांना सलाम, खरंच. पण मधे काय झालं? लोकसभा निवडणूक. फेब्रुवारी ते ऑक्टोबर यातली शत्रूपासूनची गुप्तता किती आणि मतदारापासूनची किती, हे तुम्हीच ठरवा.

वायरलॉक

बडगामवर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे उशीर झाला हे मान्य.

पण उघडेपणाची दुसरी बाजूही बघा. अहमदाबादला 12 जून 2025 ला एअर इंडियाचं विमान पडलं. नागरी विमान, तुमची लाडकी एएआयबी. बरोबर महिन्याने, 12 जुलैला प्राथमिक अहवाल आला. त्यात कॉकपिटमधल्या संभाषणाचा एवढासा तुकडा: एक वैमानिक विचारतो, इंधन का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. झालं. संध्याकाळपर्यंत जगभरच्या चॅनेलांनी निकाल लावून टाकला, आणि दोघंही वैमानिक आपली बाजू मांडायला जिवंत नाहीत. हेच हवंय का, आमच्या पोरांच्या बाबतीत?

कलम_आठ

वायरलॉक, तो अर्धवट उघडेपणाचा दोष. एक वाक्य दिलं आणि आजूबाजूची चार झाकली, म्हणून बोंब झाली.

शिवाय बंद दाराआडसुद्धा मेलेल्या वैमानिकावरच ढकलतात. ब्रिटनचं बघा. जून 1994, मल ऑफ किंटायर, चिनूक हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं, 29 जण गेले. दोन एअर मार्शलांनी दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. तो पुसायला 2011 उजाडलं. सतरा वर्षं घरच्यांनी लढा दिला, तेव्हा बाहेरच्या न्यायाधीशाने फायली उघडल्या.

आपल्याकडे पुण्याचे गाडगीळ पतिपत्नी आठवतात ना? 2001 मध्ये सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मुलगा गेला, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित. चौकशीचा रोख त्याच्यावरच. वडील स्वतः हवाई दलातले निवृत्त अधिकारी, तरी त्यांना आणि अभिजितच्या आई कविताताईंना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मग त्यांनी पुण्यात तरुणांना उड्डाण शिकवायला संस्था काढली. घरच्या माणसाची ही गत, मग निफाडकरांना कोण विचारतो?

निफाडकर

आम्हाला कोणी विचारू नका, फक्त द्राक्षाच्या बागेत पाडू नका :)

मंद्रसप्तक

वायरलॉक, तुमची पिन वाचल्यापासून माझी मागणी मीच बदलतेय. "अहवाल संसदेपुढे" हे ढोबळ होतं. जबाब, नावं, कॉकपिटमधला आवाज बंद राहू दे. पण कारण, आधीच्या तक्रारी, जुन्या समित्यांच्या शिफारशींचं काय झालं आणि दुरुस्तीची मुदत, हे बाहेर यावं. आणि चौकशीत किमान एक माणूस त्या दलाबाहेरचा हवा. ब्रिटनमध्ये 2006 ला अफगाणिस्तानात निमरॉड विमान जळून 14 जण गेले, तेव्हा सरकारने चार्ल्स हॅडन-केव्ह या वकिलाकडे फेरतपासणी दिली. 2009 च्या अहवालात त्याने संरक्षण मंत्रालय आणि दोन बड्या कंपन्या, सगळ्यांना नावानिशी धरलं, आणि पुढच्याच वर्षी लष्करी विमानोड्डाणाची वेगळी नियामक संस्था उभी राहिली. त्याने फिटरच्या मानगुटीला हात घातला नाही, वरच्यांच्या घातला.

भालदार

दलाबाहेरचा म्हणजे कोण? निवृत्त न्यायाधीश, ज्याला इंजिन पुढे की मागे ते माहीत नाही? की एचएएलचा माणूस, ज्याच्या मालाचीच चौकशी आहे? ज्याला विमान कळतं तो एकतर दलात आहे, नाहीतर कारखान्यात. आधी माणसं तयार करा, मग समित्या.

कलम_आठ

हा तुमचा या धाग्यातला पहिला बिनतोड मुद्दा. आयआयटीत, राष्ट्रीय प्रयोगशाळांत काही माणसं आहेत, पण मूठभर, आणि त्यांचे पगारही शेवटी सरकारीच.

वायरलॉक

ताईंची सुधारित मागणी मला नव्वद टक्के चालेल. उरलेले दहा टक्के भीतीचे. कागदावर दोन खोल्या करता येतात, पण स्टेशनवर सगळे एकाच मेसमध्ये जेवतात. कोण रात्री दीडला ऑफिसरला उठवायला गेला, हे सकाळच्या चहापर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

निफाडकर

काका, ते सगळं राहू द्या. पिन सापडली का?

वायरलॉक

हो. पहाटे साडेचारला. विमानात नव्हतीच, माझ्या डांगरीच्या दुमडलेल्या बाहीत होती. ऑफिसर हसले, चहा पाजला आणि शब्द पाळला.

मंद्रसप्तक

आणि सकाळी ते विमान ज्याने नेलं, त्या वैमानिकाला सांगितलं होतं का, रात्री काय झालं ते?

वायरलॉक

फॉर्म 700 मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, नोंद होती, "लूज आर्टिकल तपासणी पूर्ण". कशासाठी झाली ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, सही केली आणि शिडी चढले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.