मदत हवी आहे: पीसीओएससाठी डायरेक्ट ऑपरेशन करावं का?

ताईंनो, मी परभणीची, वय २८, लग्न होऊन तीन वर्षं झाली. सोनोग्राफीत पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडाशयातून अंडं वेळेवर बाहेर पडत नाही, तो आजार) निघालं, पाळी दोन दोन महिने येतच नाही, हनुवटीवर केस पण यायलेत. एक डॉक्टर मॅडम म्हणायल्या आधी ५ ते १० टक्के वजन कमी कर, तेवढ्यानं पण पाळी लाईनवर येऊ शकते, नाहीच झालं तर लेट्रोझोलच्या (अंडं तयार व्हायच्या) गोळ्या देऊ. दुसरीकडं दाखवलं तर ते डायरेक्ट दुर्बिणीतून ओव्हेरियन ड्रिलिंग (अंडाशयाला बारीक छिद्रं पाडून थोडा भाग जाळायचं ऑपरेशन) करा म्हणून मोकळे, अजून एक गोळी चालू नाही हो माझी! मी वाचलं त्याप्रमाणं ड्रिलिंग गोळ्यांनी अंडं तयार होईना तेव्हाच करतात, जास्त जाळलं तर अंड्यांचा साठा कमी होतो, आणि आजार मुळातून जात नाहीच. पण सासूबाईंना वाटायलंय ऑपरेशन केलं की मिटलं एकदाचं.

ज्वारीची भाकरी आमच्यात रोजचीच, भात अन् चहातली साखर कमी केली, पण ह्या उन्हात चालायला कधी जायचं? घरातल्या घरात काय व्यायाम करता? कुणी ड्रिलिंग केलंय का, नंतर पाळी किती महिने रेग्युलर राहिली? मेटफॉर्मिननं (शुगरची गोळी, पीसीओएसमध्ये पण देतात ती) मळमळ झाली का? स्वतःचा अनुभव असंल तरच सांगा प्लीज, काढे-चूर्ण नको, ते सांगायला शेजारीण हाय.